कुत्र्यासाठी घरचा खाऊ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानात एवढी पाकिटं मिळतात, मग घरी करायची खटपट कशाला?

खटपट फारशी नाहीच. नाचणीचं पीठ, लाल भोपळा, रताळं, अंडी, चिकन यातलं निम्मं सामान आपल्या घरात असतंच. विकतचं सगळं वाईट असंही नाही. घटक स्पष्ट छापलेले असतील आणि तारीख ताजी असेल तर अडीअडचणीला पाकीट आणायला काहीच हरकत नाही. पण घरी केलं की आत काय पडलंय ते आपल्याला माहीत असतं, आणि ज्या कुत्र्याला गव्हाची किंवा चिकनची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी हीच गोष्ट सगळ्यात मोलाची ठरते. शिवाय सुकवलेल्या मांसाच्या विकतच्या पट्ट्यांबद्दल थोडं सावध राहावं. २००७ पासून पुढची अनेक वर्षं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे अशा पट्ट्या खाऊन कुत्री आजारी पडल्याच्या हजारो तक्रारी आल्या. बराचसा माल चीनमधून आलेला होता. तपास झाला, पण नेमकं कारण शेवटपर्यंत हाती लागलं नाही. त्याच पट्ट्या घरी करणं अगदी सोपं आहे. कृती खाली दिली आहे.

रोज किती द्यायचा?

खरं तर पहिला प्रश्न हाच असायला हवा. पाककृती सगळे विचारतात, हिशेब कुणी विचारत नाही.

पशुवैद्यकात सर्वमान्य असलेला नियम असा: दिवसभरात पोटात जाणाऱ्या एकूण कॅलरींपैकी खाऊच्या कॅलरी १० टक्क्यांच्या आत हव्यात. नसबंदी झालेला, घरात राहणारा, दोन वेळा फिरून येणारा प्रौढ कुत्रा धरला तर ५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३७५ कॅलरी लागतात, १० किलोच्याला ६३० आणि ३० किलोच्याला १४००च्या आसपास. म्हणजे खाऊच्या वाट्याला अनुक्रमे ३७, ६३ आणि १४० कॅलरी येतात. आता तूप लावलेली एक पोळी १०० ते १२० कॅलरींची असते. पाच किलोच्या पॉमेरेनियनला आजोबांनी जेवता जेवता अर्धी पोळी भरवली, की त्याचा त्या दिवसाचा खाऊ संपला, वर थोडी उधारीही झाली.

आणि हा खाऊ जेवणात वाढ म्हणून द्यायचा नसतो, जेवणातून वजा करायचा असतो. घरात चार माणसं असतील तर सकाळीच दिवसाचा खाऊ एका छोट्या डबीत काढून ठेवा. ज्याला द्यायचाय त्याने त्या डबीतूनच द्यायचा. डबी रिकामी झाली की कुत्र्याने कितीही केविलवाणं तोंड केलं तरी उद्याच. हा नियम कुत्र्यापेक्षा आजी-आजोबांना पटवणं अवघड जातं, हे मान्य.

तुकड्याच्या आकाराचं म्हणाल तर कुत्रा तुकडे मोजतो, वजन करत नाही. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ शिकवताना वाटाण्याएवढा तुकडा पुरतो.

ग्लुकोजची बिस्किटं तर सगळेच देतात. त्यात काय वाईट आहे?

विष नाही त्यात. पण मैदा, साखर आणि पामतेल यापलीकडेही फारसं काही नाही. एक बिस्कीट वीस-पंचवीस कॅलरींचं धरा. चहाबरोबर चार दिली की १०० कॅलरी झाल्या, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याचा दिवसाचा कोटा ओलांडून पुढे. रोजची सवय असेल तर एकदम तोडू नका, आठवडाभरात हळूहळू एकेक कमी करत घरच्या बिस्किटावर आणा. क्रीमची आणि चॉकलेटची बिस्किटं मात्र आजपासूनच बंद.

खाऊत काय अजिबात घालायचं नाही?

ही यादी फ्रीजवर चिकटवून ठेवावी अशी आहे. आपल्या स्वयंपाकात यातलं बरंच काही रोज असतं.

कांदा आणि लसूण. कच्चा, शिजवलेला, तळलेला, वाळवलेला, कुठलाच नाही. यातल्या गंधकाच्या संयुगांमुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि कुत्र्याला ॲनिमिया होतो. गंमत अशी की त्रास लगेच दिसत नाही, कित्येकदा तीन-चार दिवसांनी दिसतो. तोवर कुत्र्याने काय खाल्लं होतं ते घरच्यांच्या लक्षातही नसतं. कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला तर सुकवलेला, म्हणजे अर्क उतरलेलाच. त्याचा रस्सा भातावर घालून देणं बंद करा. लसणाने गोचीड जातात म्हणून रोज एक पाकळी चारणारेही भेटतात. गोचीड काही जात नाहीत. त्यासाठी डॉक्टरांकडे चांगली औषधं आहेत.

द्राक्षं, मनुका, बेदाणे. यामुळे मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर, हे आधी सांगता येत नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊन धडधाकट राहतो, दुसऱ्याला थोडेसेही भोवतात. हे असं का, याचं बऱ्यापैकी पटणारं उत्तर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी मांडलं: दोष टार्टारिक आम्लाचा असावा, आणि त्याचं प्रमाण जातीनुसार, फळाच्या पक्वतेनुसार बदलतं. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, त्यामुळे चिंचेचा कोळ घातलेली आमटीही नको. नाशिक, सांगली, तासगाव पट्ट्यात ज्यांच्या बागा आहेत किंवा बेदाण्याची शेड आहे, त्यांनी तर राखणीच्या कुत्र्यावर हंगामात लक्ष ठेवायलाच हवं.

झायलिटॉल. साखरेऐवजी वापरतात तो एक गोडवा. ‘शुगर-फ्री’ च्युइंगम, काही टूथपेस्ट, काही पीनट बटर यात असतो. लेबलवर कधी ‘बर्च शुगर’ असंही लिहिलेलं असतं. कुत्र्याच्या शरीरात याने इन्सुलिन एकदम वाढतं आणि रक्तातली साखर कोसळते. वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅम एवढ्यानेही हे घडू शकतं, ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृताला धोका. म्हणून पीनट बटर विकत आणू नका, ते घरी कसं करायचं ते पुढे येतंच.

चॉकलेट, कोको, कॉफी, चहापत्ती, मॅकाडेमिया नावाचा सुकामेवा, दारू, यीस्ट घातलेली कच्ची कणीक. यांच्यावर चर्चाच नको. जायफळही याच यादीत टाका. पुरणातलं चिमूटभर जायफळ एखाद्या घासातून गेलं तर घाबरायचं कारण नाही, पण खाऊत वास यावा म्हणून मुद्दाम घालू नका.

दिवाळीत कुत्र्याने बेदाणे घातलेला लाडू पळवला. आता काय?

आता हे वाचत बसू नका, आधी डॉक्टरांना फोन लावा. लाडवात बेदाणे साधारण किती होते, कुत्र्याचं वजन किती, खाऊन किती वेळ झाला, या तीन गोष्टी सांगा. पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टर औषध देऊन उलटी करवू शकतात, नंतर ती संधी जाते. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा उद्योग करू नका. त्यातल्या मिठानेच कुत्रा दगावू शकतो. ‘आत्ता तर छान खेळतोय’ म्हणून थांबूही नका, मूत्रपिंडाचा त्रास दिसायला एक-दोन दिवस लागतात.

मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचं बैलघोडा हॉस्पिटल, जुन्या मुंबईकरांना माहीत असतंच. नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि त्यांचे दवाखानेही. आपल्या भागात रात्री कुठला दवाखाना उघडा असतो हे दिवाळीच्या आधीच शोधून नंबर मोबाइलमध्ये ठेवा.

सुरुवात करायला एक सोपी, हमखास जमणारी कृती सांगा.

नाचणी-भोपळ्याची बिस्किटं.

१२० ग्रॅम नाचणीचं पीठ, ५० ग्रॅम ज्वारीचं पीठ, १०० ग्रॅम लाल भोपळ्याचा शिजवलेला गर आणि एक अंडं. बस, एवढंच. मीठ नाही, गूळ नाही, तेल नाही, सोडा नाही.

भोपळा साल आणि बिया काढून पाणी न घालता वाफवा आणि चमच्याने घोटून घ्या. आता यातली खरी मेख: गर गरम असतानाच दोन्ही पिठांवर ओता, कालवा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. नाचणीत आणि ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, थंड गरात मळलं तर लाटताना कडेने भेगा पडतात आणि भाजल्यावर नुसता भुगा होतो. गरम ओलाव्याने पिठाला थोडी उकड बसते आणि गोळा एकसंध येतो. कोमट झाल्यावरच अंडं फोडून घाला, नाहीतर ते तिथेच शिजून बसेल. गोळा भाकरीच्या पिठापेक्षा किंचित घट्ट हवा. कोरडा वाटला तर चमचाभर गरम पाणी घाला, सैल वाटला तर ज्वारीचं पीठ लावा.

दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून अर्धा सेंटिमीटर जाड लाटा आणि कातण्याने शंकरपाळ्यासारखे साधारण अडीच सेंटिमीटरचे तुकडे पाडा. ऐंशीच्या आसपास होतात. १६० अंशांवर २५ ते ३० मिनिटं भाजा, मग ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या. या शेवटच्या पायरीत बिस्किटं कडक होतात. एक मोडून पाहा: कट् असा आवाज आला पाहिजे आणि मध्ये ओलसर पट्टा दिसता कामा नये.

एक बिस्कीट साधारण आठ कॅलरींचं पडतं. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला सात, ३० किलोच्याला पंधरा-सोळा, पाच किलोच्याला चार. त्या दिवशी दुसरं काही दिलं नसेल तर, हं.

आमच्याकडे ओव्हन नाही.

नसेना. तोच गोळा तव्यावर थालीपिठासारखा पातळ थापा, तेल न लावता अगदी मंद आचेवर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी शेका, मग झाकण काढून आणखी दहा मिनिटं वाळू द्या. गार झाल्यावर हाताने तुकडे मोडा. किंवा जाड बुडाच्या पातेल्यात वाळू किंवा जुनं मीठ तापवून वर ताटली ठेवायची, नानकटाई घरी करतात तसं. एअर फ्रायरमध्ये १५० अंशांवर १२ ते १५ मिनिटं पुरतात, मात्र तुकडे एकमेकांवर पडू देऊ नका.

चिकनच्या पट्ट्या घरी कशा सुकवायच्या?

अर्धा किलो बोनलेस ब्रेस्ट घ्या. तासभर फ्रीझरमध्ये ठेवून अर्धवट घट्ट करा, म्हणजे सुरी सटकत नाही आणि पट्ट्या सारख्या पातळ निघतात. पांढरी चरबी दिसेल तिथे काढून टाका, खवट वास पुढे तिचाच येतो. धाग्याच्या दिशेने कापलं तर पट्टी चिवट होते, चावायला जास्त वेळ घेते. म्हातारा कुत्रा असेल तर धाग्याला आडवं कापा.

कच्चं चिकन थेट मंद तापमानावर सुकवत ठेवणं धोक्याचं. साल्मोनेलासारखे जंतू आधी मरायला हवेत. कोंबडीचं मांस आतपर्यंत ७४ अंशांना पोचलं की ते मरतात. म्हणून पट्ट्या आधी चांगल्या वाफवून घ्या, आत गुलाबी रंग उरता कामा नये. मग जाळीवर पसरून ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, ८० ते ९० अंशांवर दोन-तीन तास ठेवा. दाराला लाकडी चमचा अडकवून किंचित फट ठेवली की वाफ बाहेर जाते. अर्ध्या किलोचे जेमतेम दीडशे ग्रॅम उरतात, त्यामुळे या पट्ट्या दिसायला एवढ्याशा असल्या तरी कॅलरी एकवटलेल्या असतात. उन्हात गच्चीवर वाळवणं नको. माश्या बसतात, आणि आपल्याकडच्या दमट हवेत मांस सुकण्याआधीच खराब होतं.

कलेजीही अशीच करता येते, आणि तिच्या वासावर कुत्री जीव टाकतात. पण कलेजीत अ जीवनसत्त्व फार असतं, तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा, थोडीच. डाल्मेशियन असेल तर कलेजी-पेटा दोन्ही टाळा. या जातीला युरेटचे मुतखडे होण्याची प्रवृत्ती असते.

आमचं घर शाकाहारी आहे, अंडंसुद्धा चालत नाही. मग?

काहीच अडत नाही. खाऊ म्हणजे काही पूर्ण जेवण नव्हे, तो शाकाहारी असला तरी कुत्र्याचं बिघडत नाही. वरच्या बिस्किटांत अंड्याऐवजी दोन चमचे जवसाची पूड गरम पाण्यात भिजवून घाला, ती चांगली धरून ठेवते. पिष्ट पचवायची ताकद कुत्र्यात आहेच. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज या विकराचं जनुक लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात कित्येक पटींनी जास्त वेळा आढळतं. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर हजारो वर्षं काढल्याचा हा परिणाम.

सगळ्यात सोपा शाकाहारी खाऊ रताळ्याचा. अर्धवट वाफवा, सोलून पाव इंचाच्या चकत्या करा आणि ११० अंशांवर अडीच-तीन तास ठेवा, मध्ये एकदा उलटा. चिवट, गोडसर, कुत्रा बराच वेळ चघळत बसतो. कच्चं गाजर, फरसबी, काकडी यांना तर काहीच करावं लागत नाही. वजन कमी करायचंय त्या कुत्र्याला यापेक्षा चांगला खाऊ नाही.

शेंगदाण्याचा लगदा, म्हणजे घरचं पीनट बटर: शेंगदाणे खमंग भाजा, सालं काढा आणि मिक्सरमधून कुटाच्या पुढे, तेल सुटेपर्यंत फिरवा. त्यात मीठ, साखर, तेल काही नको. पण निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेला, कडवट दाणा दिसला की फेकायचा. अशा दाण्यांवर वाढणाऱ्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याच्या यकृतावर जातं, आणि भाजून ते नष्ट होत नाही. लगदा एका वेळी अर्धा चमचा. स्निग्धांश भरपूर असतो त्यात.

थोडा गूळ, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप घातलं तर चव येईल ना?

तुम्हाला येईल. माणसाच्या जिभेवर साधारण ९,००० रुचिकलिका असतात, कुत्र्याच्या १,७०० च्या आसपास. त्याचा सगळा कारभार नाकावर चालतो. चव वाढवायची असेल तर खाऊ किंचित कोमट करून द्या किंवा चिकन उकडलेलं पाणी पिठात घाला, तो वेडा होईल. गुळाची गरज नाही. मिठाची मुळीच नाही, अन्नातून लागेल तेवढं मिळतं. तूप अधूनमधून चार थेंब चालेल, पण तुपकट, तळकट एकदम जास्त पोटात गेलं तर स्वादुपिंडाला सूज येऊन कुत्रा दवाखान्यात भरती होऊ शकतो. सणावारी असे रुग्ण यायचे ते यामुळेच. हळद चिमूटभर चालते. तिने सांधे बरे होतील अशी आशा मात्र ठेवू नका.

दूध, ताक, पनीर?

पिल्लू मोठं झालं की दुधातली साखर पचवायची ताकद बऱ्याच कुत्र्यांत कमी होते आणि पोट बिघडतं. ताक, दही, चक्का पुष्कळांना सोसतो. बिनमिठाचं पातळ ताक बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून त्यात गाजराचा कीस टाकला की उन्हाळ्यासाठी झकास खाऊ होतो. विदर्भात मे महिन्यात दुपारी हाच एक खाऊ कुत्रं आनंदाने घेतं. लहान कुत्र्याला अख्खा खडा देऊ नका, फोडून द्या. आणि उन्हाने कुत्रा धापा टाकत आडवा झाला असेल तर ती खाऊची वेळ नव्हे. त्याला साधं पाणी मारा, पंख्याखाली घ्या आणि दवाखाना गाठा.

कोकणात आमच्याकडे सुके बोंबील, जवळा, सुकट कायम असतं. ते द्यावं का?

द्या की. वासाच्या बाबतीत त्याच्या जवळपास दुसरं काही येत नाही. खारवलेले मासे मात्र बाजूलाच ठेवा. बाकीचे आधी पाण्यात भिजवा, पाणी दोनदा बदला, म्हणजे मीठ आणि वाळू जाते. मग बिनमिठाच्या पाण्यात उकळून बोंबलाचे बारीक तुकडे करा. जवळा भिजवून, उकळून, कोरडा भाजून त्याची पूड केली तर बिस्किटाच्या पिठात एक चमचा पुरते. घरात वास दरवळेल, तेवढी तयारी ठेवा.

मटणाची हाडं?

शिजवलेली नाहीत, कधीच नाहीत. शिजल्यावर हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या अणकुचीदार फाका पडून घसा, आतडी फाटू शकतात. रविवारी ताटातली नळी टेबलाखाली जाते तिथेच सोमवारच्या ऑपरेशनची सोय होते.

फळांपैकी काय चालतं?

सफरचंद बिया काढून, पपई बिया काढून, कलिंगड बिया आणि साल काढून, केळं दोन-तीन चकत्या. आंब्याचा गर चालतो, दोन फोडी. धोका कोयीचा आहे. कुत्र्याला कोय चोखायला देणं गमतीचं वाटतं, पण ती गिळली गेली तर आतड्यात अडकते आणि पोट उघडूनच काढावी लागते. मक्याच्या कणसाचा बुरखुंडाही तसाच. कणीस खाऊन झालं की बुरखुंडा झाकणाच्या डब्यात.

आमचा लॅब्रॅडॉर सतत उपाशी असल्यासारखा बघतो. त्याला खरंच कमी पडतं का?

बहुधा नाही. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना आढळलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडाच गळालेला असतो, आणि त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. अशा कुत्र्याची नजर पाहून खाऊ दिलात तर वर्षभरात तो पिंप होईल. बरगड्यांवरून हात फिरवा. किंचित दाबल्यावर बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर बिस्किटं निम्मी करा आणि उरलेल्या वेळी गाजर-काकडी. आपल्या मराठवाड्यातल्या कारवानी कुत्र्याच्या बाबतीत उलट सांगावं लागतं. त्याच्या बरगड्या दिसतातच, जातच तशी शिडशिडीत. त्याला भरवून भरवून गुबगुबीत करायचा हट्ट नको.

पिल्लाला, म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याला यातलं काय चालेल?

पिल्लू घरी आल्यावर पहिले काही दिवस नवीन काहीच नको, आधी रोजचं जेवण पचू दे. मग मऊ खाऊ, उकडलेल्या चिकनचा कण, भोपळ्याचा गर. दुधाच्या दातांनी कडक बिस्कीट फुटत नाही. म्हाताऱ्यासाठी तीच बिस्किटं कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवा.

आजारात मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं आणि फॉस्फरस मोजावे लागतात, कलेजी आणि पनीर आधी जातं. ऑक्झलेटचे खडे झालेल्याला रताळं आणि पालक नको. मधुमेह असेल तर खाऊची वेळ इन्सुलिनशी जुळवावी लागते. खाज, कानाचा सततचा त्रास, पाय चाटणं असं असेल तर अन्नाची ॲलर्जी असू शकते. कुत्र्यांत ती सर्वाधिक आढळते ती गोमांस, दुधाचे पदार्थ, चिकन आणि गहू यांची. नवीन खाऊ सुरू करताना एका वेळी एकच घटक नवा आणा आणि आठवडाभर बघा, म्हणजे दोष कुणाचा ते कळतं.

टिकतो किती?

हिवाळ्यात, कोरड्या हवेत, कडक भाजलेली बिस्किटं घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर राहतात. जून ते सप्टेंबर, खास करून मुंबई-कोकणात, बाहेर ठेवायचा विचारही करू नका. फ्रीजमध्ये आठवडा, फ्रीझरमध्ये तीन महिने. चिकनच्या पट्ट्या कुठल्याही ऋतूत फ्रीजमध्येच, आणि जास्तीच्या फ्रीझरमध्ये. गरम असताना डबा बंद केला तर आतल्या वाफेने दोन दिवसांत बुरशी धरते. एका तुकड्यावर बुरशी दिसली तरी सगळा डबा टाका. काही बुरशींच्या विषाने कुत्र्याला थरथर सुटते, झटके येतात. खरवडून उरलेलं वापरायची आपली सवय इथे नको.

मग रोजचं जेवणच असं घरी केलं तर?

तो वेगळा विषय आहे आणि वाटतो त्यापेक्षा बराच अवघड. नुसता चिकन-भात वर्षभर दिला तर कॅल्शियम आणि फॉस्फरसचं गणित चुकतं, झिंक, आयोडीन, काही जीवनसत्त्वं कमी पडतात. वाढत्या पिल्लाची हाडं त्याने वाकतात. घरचंच द्यायचं असेल तर पशुवैद्यकांकडून आहार लिहून घ्या. खाऊ १० टक्क्यांत आहे म्हणून त्यात एवढी मोकळीक चालते.

सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांना हीच बिस्किटं देऊ का?

बिस्किटं चालतील, पण त्यांना खाऊपेक्षा जेवणाची आणि स्वच्छ पाण्याची गरज जास्त. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सोसायटीच्या आवारात खायला घालायची जागा आणि वेळ ठरवून घेण्याची तरतूद आहे. ती समितीबरोबर बसून ठरवा, तिथेच घाला, नंतर जागा झाडून घ्या. आणि त्या भागातल्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस झाली आहे का, याचा पाठपुरावा करा.

घरात मांजरही आहे. तिला यातलं चालेल?

चिकनच्या पट्ट्या चालतील, उकडलेला मासा चालेल. नाचणीची बिस्किटं, रताळं यात तिला ना रस ना उपयोग. ती पक्की मांसाहारी. कांद्याच्या बाबतीत ती कुत्र्यापेक्षाही नाजूक. कुत्र्याच्या रक्तावर परिणाम दिसायला वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा लागतो, मांजरीला ५ ग्रॅम पुरतो. पट्ट्या कात्रीने अगदी बारीक कापून द्या. ती कुत्र्यासारखी चघळत बसत नाही, आणि मोठा तुकडा तसाच टाकून निघून जाते. तो मग कुत्रा उचलतो, आणि त्याच्या डबीचा हिशेब चुकतो.